डॉ. डेरेट यांचें बायबल-व्यवहार-संशोधन : एक परीक्षण

लंडन विद्यापीठांत हिंदु व्यवहारशास्त्राचें अध्यापन करणारे डॉ. जॉन डंकन मार्टिन डेरेट (१९२२–२०१२) यांचें नांव आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. होयसळ राजघराण्याचा त्यांचा इतिहास १९५७ सालीं निघाला. आधुनिक हिंदु कायद्यावरील त्यांचा ग्रंथ १९६३ सालीं मुंबईसच छापला गेला. आणि मनुस्मृतीवरील भारुचीची टीका त्यांनीं १९७५ सालीं भाषांतरासह प्रसिद्ध केली. भारुचि हा मेधातिथीच्याही पूर्वींचा टीकाकार. मिताक्षरेंत त्याचा उल्लेख येतो, म्हणून तो नांवानें माहीत होता. प्रत्यक्ष टीका मात्र सहाव्या ते बाराव्या अध्यायांपुरती, एकाच त्रुटित पोथींत उरलेली. अशा पोथीशीं ज्यानें वर्षानुवर्षें झगडा केला, त्याच पंडितानें 'नव्या करारांतील कायदा' ह्या अर्थाच्या नांवाचा एक जाड ग्रंथ १९७० सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध केला, आणि पुढें लायडनहून त्याच विषयाच्या अनुषंगानें सहा खंड लिहिले, ह्या गोष्टीची चर्चा आमच्या मंडळींत क्वचितच ऐकूं येते. त्या संशोधनाचें, विशेषतः त्यांतील दिवाणी व्यवहाराच्या भागाचें, परीक्षण करण्याचा आमचा येथें विचार आहे.

एका इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत ख्रिस्ती शास्त्राची चर्चा कशास, असें कोणी विचारील. तर ही चर्चा धर्माची नव्हे. येशूच्या दृष्टांतांचें धार्मिक तात्पर्य काय, हें ठरविणें त्या धर्माच्या अधिकारी पुरुषांकडे सोंपवून आम्ही मोकळे होतों. आमच्यापुढील प्रश्न पुराव्याचा आहे. एखाद्या जुन्या लेखांत कर्ज, वांटणी, ठेव, दावा असा कांहीं व्यवहार गृहीत धरलेला असतो. त्या काळच्या ऐकणारास तो ठाऊक असल्यामुळें लेखक तो फोड करून सांगत नाहीं. मागाहून येणाऱ्या संशोधकानें ही मोकळी जागा स्मृतिग्रंथांवरून भरावी, कीं तत्कालीन कागद हातीं येईपर्यंत थांबावें? महजर वाचतांना, निवाडपत्र लावतांना, वतनाच्या तंट्यांतील कैफियती जुळवितांना हाच प्रश्न आमच्यासमोर रोज उभा राहतो. डेरेट यांनीं तो ज्या धिटाईनें सोडविला, तिचें कौतुकही वाटतें आणि धास्तीही वाटते.

ह्या वाटेनें जाणारे ते पहिले नव्हत. इंग्लंडांतील जॉन सेल्डन (१५८४–१६५४) ह्या विधिपंडितानें सतराव्या शतकांतच यहुदी वारसाहक्कावर व विवाहावर लॅटिनमध्यें मोठे ग्रंथ लिहिले होते. विसाव्या शतकांत डेव्हिड डौबे यांनीं बायबलांतील कायद्याचे अभ्यास १९४७ सालीं छापले व पुढें ऑक्सफर्ड येथें रोमन कायद्याचें अध्यासन भूषविलें. परंतु सेल्डन काय किंवा डौबे काय, त्यांच्यापुढें असलेला प्राचीन कायदा हा मेलेला कायदा होता. डेरेट यांचें तसें नव्हतें. धर्मशास्त्राचीं वचनें आणि मुंबई-मद्रासच्या न्यायालयांतील चालू निवाडे हीं दोन्ही त्यांच्या मेजावर एकाच वेळीं असत. एकत्र कुटुंबांतील कर्ता म्हणजे काय, मुखत्याराच्या कृत्यानें धनी कोठपर्यंत बांधला जातो, रोख्यांतील आंकडा आणि हातीं पडलेली रक्कम यांत अंतर कां असतें, हें त्यांस प्रत्यक्ष दाव्यांवरून माहीत होतें. त्यामुळें एखादा कसलेला वकील प्रतिपक्षाची कैफियत वाचतो तसा ते दृष्टांत वाचतात: हक्क कोणाचा, कब्जा कोणाचा, कागद कोणाच्या हातचा, आणि जें सांगितलेलें नाहीं तें कां सांगितलेलें नाहीं.

ह्या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे अन्यायी कारभाऱ्याच्या दृष्टांतावरील त्यांचा निबंध. तो प्रथम १९६१ सालीं एका नियतकालिकांत निघाला व नंतर ग्रंथांत समाविष्ट झाला. लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायांतील ही गोष्ट. एका धनिकाचा कारभारी मालमत्ता उधळतो अशी चुगली होते. धनी हिशेब मागतो व त्यास कामावरून काढण्याचें ठरवितो. तेव्हां हा कारभारी धन्याच्या ऋणकोंस एकेक करून बोलावतो. ज्याचें शंभर बाथ तेल देणें असतें त्याचा रोखा त्याच्याच हातीं देऊन त्यावर पन्नास लिहावयास लावतो. शंभर कोर गव्हाच्या ऋणकोस ऐशीं लिहावयास सांगतो. धन्यास हें समजतें, आणि तो रागावण्याऐवजीं कारभाऱ्याच्या हुषारीची वाखाणणी करतो. धन्यानें लबाडाची स्तुति कां करावी, ह्या कोड्यानें टीकाकारांस शतकानुशतकें हैराण केलें आहे. मराठी भाषांतरांत 'कारभारी' हाच शब्द असल्यामुळें आमच्या वाचकाच्या डोळ्यांपुढें सरंजामदाराच्या वाड्यांतील दिवाणजी उभा राहतो व कोडें अधिकच अवघड होतें.

डेरेट यांची उकल थोडक्यांत अशी आहे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें यहुद्यानें यहुद्यापासून व्याज घेणें निषिद्ध होतें. तथापि व्यवहार अडत नसे; रोखा लिहितांना मुद्दल व व्याज एकत्र करून जिनसाची एकच रक्कम लिहीत, म्हणजे कागदावर व्याजाचा शब्दच दिसत नसे. अशा रोख्यांवर कारभाऱ्यानें धन्याच्या वतीनें कर्ज दिलेलें होतें. आतां नोकरी जाणार असें दिसतांच त्यानें पोटांत दडलेलें व्याज तेवढें सोडून दिलें. मुद्दल बुडालें नाहीं. धन्यानें ही सोड नाकारावी तर आपण व्याज खात होतों हें चारचौघांत कबूल करावें लागेल. मान्य करावी तर देवाची आज्ञा पाळणारा म्हणून नांव होईल. त्यानें दुसरा मार्ग पत्करला.

ही उकल वाचून आमच्याकडील दिवाणी कामांत मुरलेल्या माणसास आश्चर्य वाटणार नाहीं. इ. स. १८७५ सालीं सुप्यापासून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत कुणब्यांनीं सावकारांचे वाडे लुटण्यापेक्षां रोखे हिसकून जाळण्यावर भर दिला, आणि त्यानंतर झालेल्या १८७९ च्या शेतकरी-संरक्षक कायद्यानें न्यायाधीशास रोख्याच्या आंकड्यावर न थांबतां रोख्याच्या मागें जाऊन व्यवहाराचा आरंभापासून इतिहास पाहण्याचा अधिकार दिला. बट्टा, कसर, मनोती यांनीं फुगलेला आंकडा आणि कुणब्याच्या पदरांत खरोखर पडलेले रुपये हीं दोन निराळीं आहेत, हें त्या कायद्याचें मूळ होतें. डेरेट यांनीं लूकच्या गोष्टींतील रोख्याच्या मागें जाण्याचा असाच प्रयत्न केला आहे. धर्मोपदेशकांनीं दोन हजार वर्षें रोख्याच्या आंकड्याकडेच पाहिलें, त्याच्या पोटांत कोणी पाहिलें नाहीं, हें मान्य केलें पाहिजे.

पण ह्या उकलींतील प्रत्येक सांधा सारखाच बळकट आहे काय? तेलाच्या रोख्यांत पन्नास मुद्दल व पन्नास व्याज धरलें तर व्याज शेंकडा शंभर पडतें. गव्हाच्या रोख्यांत ऐशीं मुद्दल व वीस व्याज, म्हणजे शेंकडा पंचवीस. एकाच धन्याच्या एकाच कारभाऱ्यानें दोन जिनसांस इतके भिन्न दर कां लावावे? तेलासारख्या पातळ, भेसळीस सोप्या जिनसास अधिक व्याज व धान्यास कमी, ही प्रथा पूर्वेकडे होती असें येथें सांगितलें जातें. आमच्या वाचकांस लगेच याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायांतील वृद्धीचा नियम आठवेल. तेथें सोन्यास दुप्पट, धान्यास तिप्पट, वस्त्रास चौपट आणि रसास, म्हणजे तेलतुपास, आठपट अशी मर्यादा आहे. पाहतां क्षणीं भुरळ पडावी असेंच हें साम्य आहे! परंतु याज्ञवल्क्याचें तें कोष्टक कर्ज कितीही वर्षें थकलें तरी एकंदर रकमेनें कोठपर्यंत वाढावें याची कमाल मर्यादा सांगतें. सालाचा दर तें सांगत नाहीं. त्यावरून फार तर एवढें निघतें कीं पातळ जिनसाचें कर्ज धान्याच्या कर्जाहून निराळें समजण्याची कल्पना एका दूरच्या समाजांत होती. गालीलांतील तेलाच्या रोख्यांत निम्मा भाग व्याजाचा होता, हें त्यावरून सिद्ध होत नाहीं. आणि मूळ गोष्टींत तर व्याजाचा शब्दही नाहीं. जोसेफ फिट्झमायर यांनीं १९६४ सालीं ह्याच गोष्टीवर लिहितांना डेरेट यांचा मार्ग पत्करूनही सोडलेला भाग धन्याचें व्याज न मानतां कारभाऱ्याची स्वतःची दलाली मानला. एकाच मोकळ्या जागेंत दोन पंडितांस दोन निराळ्या रकमा सहज बसवितां येतात, ह्यावरून ती जागा किती मोकळी आहे हें ध्यानांत यावें.

दुसरा आक्षेप काळाचा. डेरेट यांच्या उकलीचा बराचसा आधार मिश्ना व त्यावरील तालमुदी चर्चा यांवर आहे. मिश्नेचें संकलन इ. स. २०० च्या सुमारास झालें. बाबिलोनी तालमूद त्यानंतर तीन-चारशें वर्षांनीं आकारास आला. येशूचा काळ पहिल्या शतकाच्या पूर्वार्धांतला. मिताक्षरेंतील नियम वाकाटकांच्या ताम्रपटास लावून दाखविणारा लेख आमच्याकडे आला, तर संपादक तो परत पाठवितील. अर्थात् स्मृतींत जुने आचार पुष्कळदां उशिरां लिहिले जातात, आणि मिश्नेंतील एखादा नियम दोनशें वर्षें आधीं चालू असणें अगदीं शक्य आहे. पण शक्य आहे तें होतेंच असें म्हणण्यासाठीं साक्षीदार लागतो. डेरेट पुष्कळ ठिकाणीं तो न बोलावतांच निवाडा सांगून मोकळे होतात. भारुचीची पोथी संपादतांना एका पोथीचा आधार म्हणजे काय आणि त्याचें बळ किती, ह्याचा कस ज्यांस लागला होता, त्यांनीं दृष्टांतांच्या बाबतींत इतकी घाई करावी ह्याचें नवल वाटतें.

उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांत मात्र त्यांची पद्धति सर्वांत चांगली फळास आली आहे असें आमचें मत आहे. धाकटा मुलगा बापाच्या हयातींत आपला वाटा मागतो, बाप तो देतो, मुलगा परदेशीं जाऊन उधळतो, परत येतो. बाप मेजवानी करतो आणि थोरला रुसतो. मिताक्षरेंत वाढलेल्या मराठी वाचकास ह्यांत नवल कांहींच वाटत नाहीं: जन्मतःच हक्क असलेल्या मुलानें वांटणी मागितली, एवढेंच. बापाकडून वांटणी मागण्याच्या ह्या हक्कास मर्यादा किती, ह्याचा वाद आमच्याकडे मुंबई उच्च न्यायालयांत अप्पाजी विरुद्ध रामचंद्र ह्या खटल्यांत (निर्णयमाला, खंड १६) पूर्णपीठापुढें झाला, आणि न्यायमूर्ति काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनीं मुलाच्या बाजूनें आपलें भिन्न मत नोंदविलें, हेंही पुष्कळांस ठाऊक असेल. पण हा सर्व संस्कार येथें आड येतो. यहुदी कायद्यांत मुलास जन्मतः हक्क नव्हता. बापानें हयातींतच दानपत्र करून दिलें, तर मालकी मुलाकडे जाई, उपभोग मात्र बापाच्या मरणापर्यंत बापाकडे राही. हिंदु कायद्याच्या अध्यापकानें आपल्या हातांतलें हत्यार येथें न वापरतां दूर ठेवलें आणि दानपत्राचा नियम लावला, हें विशेष होय.

त्या नियमानें गोष्टीचीं शेवटचीं वाक्यें एकदम उजळतात. थोरला तक्रार करतो कीं मला मित्रांबरोबर चैन करण्यास एक करडूंही मिळालें नाहीं. बाप उत्तर देतो कीं जें माझें तें सारें तुझेंच. हें नुसतें गोड बोलणें नव्हे. राहिलेली मिळकत कायद्यानें थोरल्याचीच झालेली आहे, आणि उत्पन्नावर मात्र बापाची सत्ता असल्यामुळें पुष्ट वासरूं कापण्याचा अधिकार बापाचाच आहे. दोघेही खरें बोलत आहेत. धाकट्याचा अपराधही केवळ चैनबाजीचा राहत नाहीं. डेरेट यांच्या मतें बापाच्या म्हातारपणच्या पोटापाण्याचा ज्या द्रव्यावर नैतिक बोजा होता, तें द्रव्यच त्यानें नाहींसें केलें. एका ठिकाणीं आम्ही हात आखडतों. थोरल्यास दुप्पट वाटा ह्या नियमशास्त्रांतील वचनावरून धाकट्यास एक तृतीयांश मिळाला असें बहुतेक टीकाकार लिहितात. परंतु दुप्पट वाटा हा वारशाचा नियम आहे, आणि हयातींत दान करणाऱ्यास कमीअधिक देण्याची मोकळीक मिश्नेंतच आहे. गोष्टींत आंकडा नाहीं. तो आपण घालूं नये.

शेतांत पुरलेल्या ठेव्याच्या दृष्टांताविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. सांपडलेला ठेवा पुन्हां पुरून, सर्वस्व विकून तें शेत विकत घेणारा मनुष्य प्रामाणिक कीं लबाड, ह्यावर डेरेट यांनीं वस्तु उचलल्यानें हक्क उत्पन्न होण्याचा यहुदी नियम लावून त्यास निर्दोष सोडविलें आहे. मजूर म्हणून त्यानें ठेवा उचलला असता तर मालकानें हक्क सांगितला असता. म्हणून त्यानें उचललाच नाहीं. युक्तिवाद चतुर आहे. निधीविषयीं मनु-याज्ञवल्क्यांचे नियम, आणि शोधणारास तीन चतुर्थांश व जागेच्या मालकास एक चतुर्थांश देणारा १८७८ चा हिंदुस्थानांतील निधीचा कायदा ज्यांस पाठ आहे, त्या आमच्या नाणेसंग्राहकांनीं तो मुद्दाम वाचावा.

जेथें डेरेट यांचा हिंदुस्थानाशीं असलेला परिचय त्यांस वाट चुकवितो, तें ठिकाण म्हणजे अन्यायी न्यायाधीशाचा दृष्टांत. लूकच्या अठराव्या अध्यायांत एक विधवा न्यायाधीशाकडे वारंवार येऊन प्रतिवादीविरुद्ध न्याय मागते. न्यायाधीश देवास भीत नाहीं, माणसास मानीत नाहीं; तरी शेवटीं तिच्या येण्यास कंटाळून न्याय देतो. १९७० नंतर लौकरच निघालेल्या निबंधांत डेरेट म्हणतात कीं त्या देशांत दोन प्रकारचीं न्यायस्थानें शेजारीं शेजारीं नांदत होतीं: एक रूढीचें व धर्मशास्त्राचें, दुसरें राजसत्तेच्या अंमलदाराचें, आणि ही बाई दुसऱ्याकडे गेली आहे. गोतसभा व दिवाण यांचे संबंध ज्यांनीं कागदांत पाहिले आहेत, किंवा डॉ. वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील १९५३ चा ग्रंथ ज्यांनीं वाचला आहे, त्यांस ही कल्पना मुळींच परकी वाटणार नाहीं, आणि आम्हांसही ती पटते.

पटत नाहीं ती पुढली गोष्ट. न्यायाधीशाच्या तोंडीं जें ग्रीक क्रियापद आहे, हुपोपियाझो, त्याचा धात्वर्थ डोळ्याखालीं मारून काळानिळा करणें असा आहे. भाषांतरकार तो सौम्य करून कंटाळा आणणें, जेरीस आणणें असा करीत आले. डेरेट म्हणतात कीं ही पूर्वेकडील बोलण्याची लकब आहे; बाई आपलें तोंड काळें करील, म्हणजे आपली नाचक्की करील, अशी न्यायाधीशास भीति वाटली. 'तोंडास काळें फासणें' हा वाक्प्रचार ज्याच्या जिभेवर आहे, तो मराठी वाचक ही सूचना ऐकून मान डोलावील, आणि तेथेंच सावध राहिलें पाहिजे. हें क्रियापद नव्या करारांत आणखी एकाच ठिकाणीं येतें. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायांत पौल आपल्या देहाविषयीं तें वापरतो, आणि त्याच्या आधींच्याच वाक्यांत मुष्टियुद्धाची उपमा आहे. शब्दाचा अर्थ प्रथम त्याच्या भाषेंतील प्रयोगांवरून ठरवावयाचा. शेजारच्या समाजांतील वाक्प्रचार ही मागाहूनची साक्ष. आमच्यांतील कांहीं फारसीज्ञ मंडळी मराठी कागदांतील प्रत्येक शब्दास फारसी मूळ चिकटवूं पाहतात, त्याच जातीचा हा दोष आहे, मात्र उलट दिशेचा. शिवाय ज्यास माणसांची पर्वाच नाहीं असें गोष्ट दोनदां सांगते, त्यास नाचक्कीची भीति घालणें हें गोष्टीच्याच विरुद्ध जातें.

डेरेट यांस ज्या साक्षीदाराची उणीव होती, तो त्यांच्या लिखाणाच्या वेळींच जमिनीखालून वर येत होता. मृतसमुद्राच्या पश्चिमेस नहाल हेवेर येथील एका गुहेंत यिगाएल यादीन यांस १९६१ सालीं बाबथा नांवाच्या एका यहुदी स्त्रीचें दफ्तर सांपडलें: चामड्याच्या पिशवींत व्यवस्थित बांधलेले ३५ लेख, इ. स. ९४ ते १३२ ह्या काळांतले. कांहींची माहिती १९६२ पासूनच बाहेर येऊं लागली. ग्रीक लेख १९८९ सालीं व आरामी आणि नबाती लेख २००२ सालीं समग्र छापले गेले. त्यांतील पुष्कळ खतें दुहेरी आहेत. एकच मजकूर दोनदां लिहून वरचा भाग गुंडाळून, दोऱ्यानें बांधून मोहोरबंद करावयाचा, खालचा उघडा ठेवावयाचा, आणि पाठीवर साक्षीदारांनीं सह्या करावयाच्या. तंटा पडला म्हणजे मोहोर फोडून आंतला मजकूर पाहावयाचा. यिर्मया संदेष्ट्याच्या बत्तिसाव्या अध्यायांत शेत विकत घेतल्याच्या मोहोरबंद व उघड्या खताचा उल्लेख आहे. ह्या पद्धतीचे प्रत्यक्ष कागदच आतां हातीं आले.

ह्यांतील एका लेखावर डेरेट यांच्या पक्षकारांनीं अवश्य बोट ठेवावें. बाबथेचा दुसरा नवरा यहूदा यानें इ. स. १२४ च्या मे महिन्यांत एन-गेदी येथें एका रोमन शताधिपतीकडून साठ दिनार कर्ज घेतलें. ह्या खताच्या आंतल्या मजकुरांत प्रथम चाळीस लिहून त्याचे साठ केलेले आढळतात. खरें कर्ज चाळिसांचें, रोखा साठांचा, असें कांहीं संशोधकांचें अनुमान आहे. तें खरें असेल तर मुद्दल फुगवून रोखा लिहिण्याची चाल त्या मुलखांत, त्या काळाच्या जवळपास होती हें सिद्ध होतें, आणि कारभाऱ्याच्या दृष्टांताची उकल एक पायरी वर चढते. एकच पायरी मात्र. धनको येथें परधर्मी शिपाई आहे. मोशेचा निषेध त्यास लागू नाहीं. खतांत शेंकडा दरमहा एक दिनार व्याज तर उघडच लिहिलें आहे. तेव्हां लपवाछपवी असलीच तर ती नियमशास्त्राच्या भयानें झालेली नसून सालीना शेंकडा बाराच्या रोमन मर्यादेच्या भयानें झाली असली पाहिजे. आणि लेखकाच्या हातून आंकडा चुकला, तो त्यानें सुधारला, ही साधी शक्यताही पुरी निघून गेलेली नाहीं. डेरेट यांनीं कल्पिलेली कृति कागदांत आढळली. त्यांनीं कल्पिलेला हेतु आढळला नाहीं.

ह्या सर्वांतून आमच्या संग्राहकांस एक विनंति करावीशी वाटते. जुन्या घरांतील रुमाल सुटला म्हणजे मोर्तबाची सनद, छत्रपतींचें पत्र, पेशव्यांच्या हातची ओळ हीं तेवढीं बाहेर काढून चौकटींत बसविलीं जातात. रोखे, फारखतें, पावत्या, जामीनकतबे यांस कोणी विचारीत नाहीं. तीं रद्दींत जातात, किंवा निरनिराळ्या गिऱ्हाइकांस सुटीं विकलीं जाऊन त्यांचा एकमेकांशीं असलेला संबंध कायमचा तुटतो. बाबथेच्या पिशवींत एकही राजपत्र नाहीं. समन्स, जबाब, कर्जखतें, दानपत्रें, खजुरीच्या बागांच्या नोंदी आणि पोटगीची पावती एवढेंच आहे. स्वतः ती निरक्षर होती. तिच्या वतीनें दुसऱ्यांनीं सह्या केल्या आहेत. हे कागद एकत्र राहिले म्हणूनच त्यांचा क्रम लागला, आणि क्रम लागला म्हणूनच एका विधवेचा दावा आज आरंभापासून वाचतां येतो.

तो दावा असा. बाबथेचा पहिला नवरा वारल्यावर पेत्रा येथील नगरसभेनें इ. स. १२४ सालीं तिच्या अज्ञान मुलास दोन पालक नेमले, एक यहुदी व एक नबाती. मुलाच्या पैशांतून ते महिना दोन दिनार पोटगीस देत. तिनें प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज केला. पालकावर समन्स काढलें. १२५ च्या ऑक्टोबरांत साक्षीदारांसमोर जबाब लिहून दिला कीं तुम्ही मुलाच्या पैशावर शेंकडा अर्धा दिनार धरतां, तो पैसा मजकडे द्या, मी माझी मिळकत तारण देऊन शेंकडा दीड दिनार देतें. पालकत्वाच्या रोमन दाव्याच्या नमुन्याच्या ग्रीक भाषेंत उतरविलेल्या तीन प्रतीही तिच्या पिशवींत होत्या. लूकच्या गोष्टींतील विधवेप्रमाणेंच ही बाई पुन्हां पुन्हां दारीं गेली. अधिकाऱ्यानें काय निकाल दिला त्याचा कागद पिशवींत नाहीं. पोटगीची एक पावती मात्र आहे, ती इ. स. १३२ च्या ऑगस्ट महिन्याच्या १९ तारखेची असून तींत तीन महिन्यांचे सहा दिनार पोंचल्याचें लिहिलें आहे.